फिल्टरमधल्या गोळ्या

मंगळवार, दिवेलागण

मशीन पुन्हा अडकलं. पाणी जाईना, दार उघडेना, काचेआड कपडे तसेच बुडलेले. मेकॅनिक म्हणाला, परवा येतो. मग वैतागून मीच खालची झडप उघडली, पुढे परात ठेवली आणि फिल्टर फिरवला. काळं, कुबट पाणी आलं. वाटलं, असेल नेहमीसारखं एखादं नाणं, नाहीतर सेफ्टी पिन.

गोळ्या होत्या. बाबांच्या हार्टच्या. रोज सकाळी मी गोळ्यांचं पाकीट कात्रीने कापून एकेक गोळी त्यांच्या हातावर ठेवते ना, तेच चौकोनी तुकडे. एकही फोडलेला नाही.

"घेतली का गोळी?" "घेतली ना गं." रोज हेच. आणि मी मूर्ख, बंडीचे खिसे न बघता ती मशीनमध्ये कोंबत होते. आई समोर उभी राहून त्यांना गोळी गिळायला लावायची. ती गेली तेव्हापासूनच का हे? विचारू तरी कसं?

मखमलाबादचा मळा विकला तेव्हा ते रडले नाहीत. आई गेली तेव्हाही नाहीत. मला वाटलं, सावरले.

तुकडे पुसून ओट्यावर ठेवले होते. बाबा पाणी प्यायला आले आणि ते बघत उभे राहिले.

"माझ्यामुळं बिघडलं का गं मशीन? आता नाय ठेवणार खिशात."

"मग घेणार ना बाबा?"

त्यांनी पेला विसळला आणि पालथा घालून ठेवला.