स्वरालीची लस आणि पोह्यांचा डबा

५ जुलै, रविवार. संध्याकाळ.

उद्या स्वरालीची दीड महिन्याची लस. घरात सगळे टेन्शनमध्ये, मी सोडून. अपेक्षाने फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. सासूबाई बाळंतपणासाठी अकोल्याहून आल्यात, त्यांनी देवापुढे सुपारी ठेवली. मी शांत. माझ्याकडे प्लॅन आहे.

मी गेली सहा वर्षं ढोल-ताशा पथकात आहे. अपेक्षाला सातवा महिना होता तेव्हा मी रोज तिच्या पोटाजवळ पोह्यांचा स्टीलचा डबा धरून दोन बोटांनी ठेका वाजवायचो. बाळ आतून लाथा मारायचं. ती दाद होती. अपेक्षाच्या मते ती तक्रार होती. असो. मुद्दा हा, की पोरीला ठेका ओळखीचा आहे. सुई आत जाताना मी तोच वाजवणार, तिचं लक्ष ठेक्याकडे, काम फत्ते. नेटवरही लिहिलंय की बाळाचं लक्ष दुसरीकडे वळवावं. डब्याचा उल्लेख नाही, पण तो अभिप्रेत असणार.

लाँग टर्म गोल: सप्टेंबरात गणपती. आमच्या सोसायटीच्या मिरवणुकीत आमचंच पथक वाजवणार. स्वराली बाल्कनीतून ठेका ओळखणार आणि बापाकडे बघून हसणार. हे मला पाहायचंय. बाकी आयुष्यात काही मिळालं नाही तरी चालेल.

६ जुलै. दुपार.

दवाखान्यात भिंतीवर पाटी: 'बाळ रडणारच. वडिलांनी धीर धरावा.' मला उद्देशून नव्हती.

डॉ. जयाबाईंनी पिशवीतला डबा पाहून विचारलं, जेवायला थांबणार आहात का. मी थिअरी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, वाजवा, पण हळू, शेजारी दातांचा दवाखाना आहे, तिथले पेशंट आधीच घाबरलेले असतात.

तोंडात थेंब घातले तेव्हा पोरगी मिटक्या मारत होती. मग मी ठेका सुरू केला आणि त्यांनी मांडीत सुई घातली. टायमिंग परफेक्ट. स्वराली इतकी रडली की दातांच्या दवाखान्यातून कोणीतरी डोकावून गेलं. दुसऱ्या मांडीच्या वेळीही तेच. अपेक्षाने तिला जवळ घेऊन पाजायला घेतलं आणि ती लगेच गप्प झाली.

रूट कॉज: लय संथ पडली. पुढच्या वेळी दुगण, म्हणजे दुप्पट लय.

६ जुलै. संध्याकाळ.

ताप. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब अपेक्षाने मापून दिले. मी थर्मामीटर घेऊन बसलोय. थोड्या थोड्या वेळाने पाहतोय. एकदा चुकून माझाच ताप मोजला, मलाही होता. कोणी विचारलं नाही.

१२ जुलै, रविवार.

संकल्प: पुढच्या डोसपर्यंत रोज सकाळी सराव. डबा दाखवायचा, ठेका वाजवायचा, मांडीला बॉलपेनचं टोपण हलकेच टेकवायचं. ऑफिसात आम्ही याला मॉक ड्रिल म्हणतो.

पहिल्याच ड्रिलला स्वरालीने भोकाड पसरलं. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि टोपण घेऊन गेल्या. काही बोलल्या नाहीत. वऱ्हाडी माणूस बोलला नाही की समजायचं, बोलण्यासारखं फार आहे.

३ ऑगस्ट, सोमवार.

दुसरा डोस. ऐतिहासिक प्रगती!

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मी पिशवीतून फक्त डबा काढला आणि स्वराली रडायला लागली. सुई नाही, डॉक्टर नाहीत, नंबरसुद्धा आला नव्हता. म्हणजे तिने ओळखलं! अडीच महिन्यांच्या पोरीची स्मरणशक्ती बघा. शिवाय आधीच रडून घेतलं की नंतरचं तेवढं कमी होणार, हा साधा हिशोब आहे. नंतरचं कमी झालं नाही, ही गोष्ट वेगळी.

डॉ. जयाबाईंनी डबा माझ्या हातातून काढून टेबलाखाली ठेवला.

"अहो, तुम्ही बाळाला अलार्म लावलाय. डबा वाजला की सुई येते, एवढंच तिला कळलंय."

सुशिक्षित बाई आहेत, पण संगीताची जाण नाही. त्या पुढे अपेक्षाला म्हणाल्या, तुम्ही आधीच पाजायला घ्या, मी पाजता पाजताच देते. तसं केलं. एकदा किंचाळली आणि परत प्यायला लागली. माझ्या मते ठेक्याचा परिणाम उशिरा दिसतो.

१६ ऑगस्ट, रविवार.

नदीपात्रात पथकाचा सराव. बऱ्याच दिवसांनी गेलो. पथकप्रमुख संभाजी म्हणाला, सरावाला दांडी मारणाऱ्याच्या कमरेला ढोल बांधत नाही, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हणालो, घरी रोज सराव चालू आहे. कशावर, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने मला ध्वज दिला.

ध्वज म्हणजे मोठा मान असतो. पथकाच्या पुढे चालायचं असतं. वाजवायचं नसतं, एवढंच.

३० ऑगस्ट.

उद्या तिसरा डोस. अपेक्षाने डब्यात पोहे भरून तो वरच्या फळीवर ठेवला आणि मला बजावलं, की उद्या दवाखान्यात डबा, वाटी, ताटली यातलं काहीही दिसलं तर मी घरी यायचं नाही. मान्य केलं. संसारात एकाने समजूतदार असावं लागतं. उद्या मी फक्त बापाच्या प्रेमाने उभा राहणार.

३१ ऑगस्ट. दुपार.

लिहावंसं वाटत नाहीये.

सगळं छान चाललं होतं. स्वराली अपेक्षाच्या कुशीत निवांत पीत होती. डॉक्टरांनी एका मांडीत सुई दिली, पोरगी जरा कुरकुरली आणि पुन्हा प्यायला लागली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. तेवढ्यात डॉक्टर माझ्या हाताकडे बघत असल्याचं लक्षात आलं. माझी दोन बोटं त्यांच्या टेबलावर वाजत होती. कधी सुरू झाली, आईशपथ मला माहीत नाही.

स्वरालीने दूध सोडलं. माझ्या दिशेने मान वळवली. दोन्ही पाय पोटाशी घेतले, म्हणजे मांड्या लपवल्या, आणि जे काही रडली ते मला अजून ऐकू येतंय.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, आपण बाहेर बसा, तिथे चपलांकडे लक्ष द्यायला कोणी नाही.

बसलो. दुसरी सुई भिंतीपलीकडून ऐकली. चपला सुरक्षित.

६ सप्टेंबर, रविवार.

नवीन संकट. स्वराली माझ्याकडे झोपत नाही. मी मांडीवर घेऊन थोपटायला लागलो की डोळे टक्क उघडते, पाय वर घेते आणि रडते. अपेक्षा थोपटते, झोपते. सासूबाई थोपटतात, झोपते. शेजारच्या चैतालीवहिनींनी थोपटलं, घोरायला लागली.

सासूबाईंनी आज शेवटी तोंड उघडलं.

"जावईबापू, तुमी थोपटत नाही, ढोल वाजवता."

मी स्वतःच्या मांडीवर थोपटून पाहिलं. खरंय. माझं थोपटणं ठेक्यातच पडतं. साधं थोपटताच येत नाही मला. बराच वेळ प्रयत्न केला. दर चौथ्या थापेला हात आपोआप जोर धरतो.

वाईट वाटलं. पोरीला दुखू नये म्हणून जे केलं, त्यामुळे आता माझा हात लागला की तिला सुई आठवते.

१४ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.

गणपती आले. मी पुढे ध्वज घेऊन. सोसायटीच्या गेटपाशी पथकाने जीव ओतून वाजवलं. मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर आमची बाल्कनी. दार बंद, पडदा ओढलेला.

धापा टाकत वर गेलो. मनाची तयारी केली होती, आकांत चालला असेल, पथक सोडावं लागलं तर सोडू. स्वराली आतल्या खोलीत गाढ झोपली होती. अपेक्षा म्हणाली, इतका वेळ ढोल चालला, तिने कूससुद्धा बदलली नाही. म्हणजे तिचं ढोलाशी काही भांडण नाही. भांडण फक्त माझ्या दोन बोटांशी आहे.

थोड्या वेळाने ती कुरकुरली. अपेक्षा आरतीचं ताट लावत होती, सासूबाई मोदकात. घ्यायला मीच. खुर्चीत मागे रेललो, तिला छातीवर पालथं घेतलं. खाली आमचं पथक दुसऱ्या फेरीला लागलं होतं. उजवा हात वळवळायला लागला. मी तो तिच्या पाठीमागे डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. थोपटलं नाही. गाणं म्हटलं नाही. श्वाससुद्धा बेताने.

झोपली. माझ्या कुडत्यावर लाळ गाळत. मोदक गार झाले, आरती झाली, मी जागचा हललो नाही. हात आखडला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यामुळे.

अपेक्षा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बघ, तू काही केलं नाहीस तर ती किती छान झोपते."

पुढचा मोठा डोस नऊ महिन्यांचा, फेब्रुवारीत. प्लॅन तयार आहे: काहीही न करणे. सराव उद्या सकाळपासून.