आत्या आहे ना

३ एप्रिल

निघायला उशीर. कोणामुळे? माझ्यामुळे म्हणे! मी तयार होऊन पायरीवर बसले होते. वहिनीचं सनक्रीम सापडत नव्हतं, टिल्लूचा एक बूट नव्हता, दादा टायरची हवा बघत होता. शेवटी बूट मी शोधला, सनक्रीम मी शोधलं, आणि गाडीत बसताना दादा म्हणाला, "चला, आत्या आली एकदाची."

सुट्टी घेतली ती घ्यायलाच नको होती. लॅबमध्ये माझ्या हातच्या तीन कवळ्या अर्ध्यावर आहेत. तीन तोंडं माझ्या नावाने बोटं मोडत असतील — बोळकी तोंडं, पण मोडत असतील. दादाने फोनवर इतकी गळ घातली — "सगळे समुद्र बघू, एकापाठोपाठ एक शहर, तुझंही मन रमेल." माझं मन न रमल्याची तक्रार कोणी केली होती?

मागच्या सीटवर मधोमध मी. डावीकडे दादाची मोठी लेक, उजवीकडे धाकटा टिल्लू. दोन्ही गुडघे हनुवटीला. पुढे नवरा-बायको ऐसपैस. एकमेकांशी चकार शब्द नाही.

४ एप्रिल

टिल्लूला गाडी लागते हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. आता माझ्या एकुलत्या चांगल्या सलवारीला माहीत आहे.

५ एप्रिल

पहिलं शहर. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत. पांढऱ्या इमारती, पांढरा रस्ता, पलीकडे समुद्र चकाकतोय. सुंदर आहे, नाही कसं म्हणू. पण मी तो पाहिला कधी? एका हातात टिल्लूची बादली, दुसऱ्या हातात टिल्लू. दादा फोनवर. वहिनी फोनवर. दोघं वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून उभे, जसे दिव्याचे दोन खांब.

जेवायला बसलो तर वहिनी म्हणाली, आम्ही जरा पाय मोकळे करून येतो, तू बघशील ना यांना? नाही म्हणायला जागा कुठे ठेवली होती! बाहेर पडले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. दादा डावीकडे गेला, वहिनी उजवीकडे. पाय काही जोडीने मोकळे करायचे नव्हते वाटतं.

मोठी ताटातलं टोचत बसली होती. ही पोरगी बोलत नाही, नुसती बघते. अकरा वर्षांची आहे आणि नजर शाळा तपासणीसाची. मधेच विचारते — तू सकाळी किती वाजता उठतेस? तुझ्याकडे दूध कोण आणतं? तुला कोणी दूध सांडलं तर राग येतो का? मी म्हटलं, राग मला दूध न सांडताही येतो. तिने मान हलवली, जसं काही ठीकच आहे.

८ एप्रिल

दुसरं शहर, की तिसरं? सगळ्यांना तोच समुद्र लावलाय.

आज हॉटेलात दोन खोल्या. मला वाटलं, एक माझी. एक दादाची निघाली, एक वहिनीची. मी आणि मुलं वहिनीच्या खोलीत, मी जमिनीवर गादी टाकून. म्हटलं, दादा घोरतो का इतका? वहिनी म्हणाली, "हो, आजकाल फार." लहानपणापासून एका छपराखाली वाढलो आम्ही. दादा घोरत नाही.

काहीतरी शिजतंय. मला सांगत नाहीत. मला फक्त भांडी घासायला बोलावलंय.

९ एप्रिल

चिडले. काही लिहायचं नाही.

११ एप्रिल

लिहिते. नाहीतर फुटेन.

परवा भर दुपारी किनाऱ्यावर होतो. वहिनीने सांगितलं, दहा मिनिटांत येते, टिल्लूवर लक्ष ठेव. मोठीच्या पायात शिंपला रुतला होता. मी खाली बसून तो काढत होते. वर बघते तर टिल्लू नाही. बादली आहे, फावडं आहे, टिल्लू नाही.

पळाले. अनवाणी, तापलेल्या वाळूवरून, त्याचं नाव घेत. लोक छत्र्यांखालून बघत होते. पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, आणि पाण्याखेरीज कुठे बघवत नव्हतं. मोठी लंगडत माझ्यामागे. रडली नाही. मीच रडत होते बहुतेक.

जीवरक्षकाने आणला त्याला. लाल टोपीवाला तरणा माणूस, खांद्यावर टिल्लू, टिल्लूच्या तोंडाला आइस्क्रीम. त्याच्या उंच मचाणाची शिडी चढून गेले होते साहेब. तेवढ्यात वहिनी धावत आली आणि हात पसरले. जीवरक्षकाने त्याला खाली ठेवून विचारलं, "यातली तुझी आई कोणती रे?" टिल्लू वहिनीला ओलांडून पळत आला आणि माझ्या पायांना मिठी मारली.

वहिनीचे हात तसेच राहिले.

आणि मग ती जे बोलली ते बोलली. "तुला स्वतःची मुलं असती तर कळलं असतं."

मी टिल्लूच्या तोंडाचं आइस्क्रीम पुसलं. इथे लिहिते फक्त — तीन वर्षं डॉक्टरांच्या दारात मी आणि माझा तेव्हाचा नवरा बसलो होतो, तेव्हा डबा आणायची ती हीच वहिनी. हिला माहीत होतं कुठे मारायचं ते. म्हणूनच तिथे मारलं.

संध्याकाळी बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, मी तसं बोलायला नको होतं. मी म्हटलं, नको होतं. दार लावलं.

१३ एप्रिल

आज सगळं बाहेर पडलं.

दादाने बंदराजवळ गाडी थांबवली. वहिनी मुलांना दीपगृह दाखवायला घेऊन गेली. मी उतरायला लागले तर म्हणाला, तू थांब. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बोलत होता, गाडी बंद असून.

वेगळे होतायत. वर्षभर ठरतंय, आता ठरलं. तो मालवाहू बोटीवर नोकरी धरतोय, महिनोन् महिने बाहेर. वहिनीला मोठ्या इस्पितळात प्रशिक्षण मिळालंय, वसतिगृहात राहायचं, मुलं चालत नाहीत. मग मुलं?

"तुझ्याकडे," म्हणाला. "वर्षभर. तुला काय, तू एकटीच असतेस."

मी एकटीच असते! म्हणजे रिकामं कपाट! ज्यात काही नाही त्यात कोंबा सगळं!

म्हटलं, म्हणून आणलं होतंस का मला? समुद्र दाखवायला म्हणून? मुलांना गादीवर टाकावं तसं माझ्यावर टाकून बघितलंस, झोप लागते का? तो म्हणाला, तसं नाही गं. म्हटलं, मग कसं आहे? घरी बसून, समोरासमोर, का नाही विचारलंस? इंजिन बंद, काचा वर, आत भट्टी. मी लॅबमध्ये भट्टीत दात भाजते, तीही यापेक्षा थंड वाटावी.

मी नाही म्हटलं. नीट, मोठ्याने, दोनदा. माझी लॅब आहे, माझं घर दोन खोल्यांचं आहे, माझं आयुष्य आहे, आणि ते तुमच्या भांडणाचं गोडाऊन नाही. दादा रडला. लहानपणी तो रडला की मी माझा खाऊ द्यायचे. आज नाही दिला.

१४ एप्रिल

गाडीत फक्त टिल्लू गातोय. त्याला एकच ओळ येते.

१५ एप्रिल

उद्याच्या बसने मी परत जाणार. सांगून टाकलं. वहिनी म्हणाली, तुझा हक्क आहे. इतकं शांतपणे म्हणाली की अजूनच संताप आला. भांडायलाही माणूस मिळू नये!

१६ एप्रिल

बॅग भरत होते. मोठी येऊन बॅगेवरच बसली.

म्हणाली, "बाबांवर चिडू नकोस. त्यांनी नाही ठरवलं. आई की बाबा, असं आम्हाला विचारलं होतं. मी म्हटलं, आत्या. टिल्लूलाही तेच सांगायला लावलं. दोघं नकोच म्हणत होते, आत्याला कशाला त्रास. मग मी जेवणं बंद केलं."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण," ती म्हणाली. "पण मला म्हण. तुला मी निवडलंय."

म्हटलं, माझ्या घरात सगळीकडे लॅबच्या प्लास्टरची धूळ असते.

"मी पुसेन."

"तू नाही पुसायचीस. तू अभ्यास करायचास."

बोलून गेले. मग दोघींनाही कळलं.