झाकणाच्या आत

४ मार्च, शिरपूर
जानरावांच्या विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली. पेटीवरचं बटण बंद असताना! किन्हीराजाहून त्यांचाच फोन. व्होल्टेज पडलं, परत आलं, अन् मोटर फिरायला लागली. त्यांची बायको विजयमाला शेजारीच पाला काढत होती. पदर फिरत्या दांड्यात ओढला गेला. फाटला, म्हणून ती वाचली.
"चंदनावहिनी, बटन बंदच होतं. मी माह्या हातानं केलं होतं." तीनदा म्हणाले.
मेन स्विच पाडून ठेवा म्हटलं. ती पेटी मी बनवलेली. अशा पाच आहेत.

५ मार्च
हे गेल्यापासून दुकान मीच चालवते. पंपाच्या पेट्या यांच्याच नकाशाने बनवते — एक बदल सोडून. हे मायक्रोकंट्रोलर चिपच्या शेजारी तीन पायांचा एक पार्ट लावत. व्होल्टेज पडलं की तो चिपला रिसेटमध्ये दाबून धरतो, नीट आलं की सोडतो. मग चिप पहिल्यापासून सुरुवात करते, मोटर बंद ठेवून. नाहीतर अर्ध्या व्होल्टेजवर ती भरकटते. काहीही करते.
यांना इंग्रजी जमत नसे. चिपची डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून दाखवायची. त्यात सापडलं — रिसेटची सोय चिपच्या आतच आहे! मग बाहेरून दुसरी कशाला? केवढा अभिमान वाटला होता मला. हे हसून म्हणाले, राहू दे.
माझ्या पाचही पेट्यांत मी तो पार्ट लावलेला नाही.

६ मार्च
डेटाशीट पुन्हा काढली. आतली सोय कारखान्यातून बंद येते. आपल्याला चालू करावी लागते. पुढच्याच पानावर आहे. ते पान मी उलटलंच नव्हतं.
उरलेल्या चौघांना फोन केले. तिघांनी मेन पाडला. गोमतीबाई उचलत नाहीत. चार वेळा केला. सहा वेळा.

७ मार्च
पहिल्या एसटीने गेले. गोमतीबाई मोटरीवर वाकलेल्याच होत्या, हातात पाना. आधी मेन पाडला, मग बोलले.
"फोन घरी राह्यला वं. एवढी काहून भेली तू?"
सांगितलं. पाना खाली ठेवला त्यांनी. 

९ मार्च
पाचही पेट्यांत पार्ट लावून झाला. आतली सोयही चालू केली. आता दोन्ही राहू देत. व्होल्टेज मुद्दाम पाडून वर आणलं, प्रत्येकीवर वीस-वीस वेळा. एकदाही भरकटली नाही.
विजयमालासमोर मान वर होईना. तिने फाटका पदर दाखवला, म्हणाली, आता याचं फडकं करते. अन् चहा ठेवला.
काय बदललं ते पेन्सिलीने झाकणाच्या आत लिहिलं, तारखेसकट. यांची सवय. यांच्या प्रत्येक पेटीत तशी ओळ असे.

१० मार्च
फुलसिंग आले. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच विहिरीवर शॉक लागून हे गेले. मोटर चालू ठेवून हात घातला, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरलं. दुसऱ्यांना हजारदा बजावणारा माणूस! चार वर्षं मी यांच्यावर मनातून चिडलेलीच आहे.
फुलसिंगांनी काखेतून पेटी काढली. त्या दिवसापासून कोठीत पडून होती.
"जिनदासभाऊनं बटन बंद केलं होतं, वहिनी. मी पाह्यलं. तवा कोनी आयकलं नाही. जानरावची गोष्ट आयकली, म्हणून आनली."
पेटी टेबलावर आहे. यांनी बनवलेली. हिच्यात पार्ट असणारच.
उघडली नाही.

११ मार्च
उघडली. तीन पायांची जागा रिकामी. झाकणाच्या आत यांचं अक्षर —
"बाहेरचा पार्ट नाही. चंदना म्हणते, आत आहे."