बाद नगाचा रिपोर्ट

४ मार्च
धाकट्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू येतात. डॉक्टरांनी आज नाव सांगितलं: स्किझोफ्रेनिया. धाकटा म्हणजे माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी. आम्ही अगदी एकसारखे जुळे. मला होईल का, विचारलं. शंभरात चाळीसेक शक्यता, म्हणाले. चहा पीत म्हणाले.

५ मार्च
घाबरायचं नाही. पंपाच्या कारखान्यात सात वर्षं क्वालिटीत काढलीत. एकाच साच्यातले दोन नग, एक बाद झाला, तर दोघांतला फरक शोधायचा. सापडला की दुसरा पास. आठवड्यात रिपोर्ट तयार.

६ मार्च
जन्मताना त्याच्या गळ्याला नाळ होती म्हणे. झकास. जेवताना आई म्हणाली, त्याच्या नव्हे, तुझ्या. तिचं वय झालंय.

९ मार्च
आनुवंशिकता: उपयोग नाही, त्याची तीच माझी. लहानपणचा मोठा ताप: दोघांना. बाबा गेले: दोघांचे. तो जास्त खचला असेल, असं लिहिलं. आई म्हणाली, तो नाही, तू. तो तर तुला धरून बसला होता. आई सहकार्य करत नाही.

१३ मार्च
डॉक्टर म्हणतात एकच एक कारण नसतं, बऱ्याच गोष्टी जमून येतात. असा रिपोर्ट मी दिला तर साहेब घरी बसवतील.

१४ मार्च, सकाळी ७
दात घासताना हाक ऐकू आली. आईच होती. खात्रीसाठी तिला तीनदा विचारलं. ती रडायला लागली.

१९ मार्च
धाकट्याला भेटलो. गोळ्यांनी सुजलाय, हात थरथरतात. बरं वाटलं, आता माझ्यासारखा दिसत नाही. सतराव्या प्रश्नाला घबाड: सोळाव्या वर्षापासून रोज गांजा. मी आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. डॉक्टरही म्हणालेत, कोवळ्या वयातला गांजा हे एक कारण असू शकतं. मी पास. त्याला तसं सांगितलंसुद्धा.

तो म्हणाला, "आणून तूच द्यायचास. मी बडबडायला लागलो की मित्रांना बोलावून हसायचास. डॉक्टरांना तुझं नाव नाही सांगितलं. आईला कळलं असतं."

२० मार्च
रजा टाकली. दिवसभर लाज वाटत होती.

२१ मार्च
डॉक्टरांनी विचारलं, फरक सापडला का. आई शेजारीच होती. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, सोडून द्या, यात कुणाचाच दोष नसतो. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.