मोठं काळीज

मंगळवार, चौदा तारीख

चि. धाकोबा,

अनेक आशीर्वाद. चिमणीला गोड पापा, आणि तिच्या आईला सांग, लोणच्याची बरणी पोचली.

इकडे सगळं ठीक. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोनवर बोलायला गेलं की तू थट्टेवारी नेतोस आणि मग मीही हसत सुटते, म्हणून शेवटी कागद ओढला.

तुझ्या फायर ब्रिगेडच्या शनिवारच्या शिडीच्या परीक्षेला मैदानावर यायचं आमंत्रण मिळालं. चिमणी फोनवर ओरडत होती, "आत्या, बाबा पाठीवर खोटा माणूस घेऊन वर जाणार! मग ते मोठे साहेब होणार!" त्याबद्दलच लिहायचंय. पण आधी माझ्या कामाचं ऐक. "ताई दिवसभर सशाची तंगडी ताणत बसते" म्हणून इतकी वर्षं चिडवलंस, आज जरा कान दे.

स्नायूचा केसाहून बारीक धागा मी दोन इवल्या हुकांमध्ये अडकवते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर पट्टेच पट्टे दिसतात. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा तुकडा म्हणजे एक सार्कोमिअर. त्यात मधोमध जाड तंतू, आणि दोन्हीकडच्या रेघांना धरून असलेले बारीक तंतू. कॅल्शियम आलं की जाड तंतूंची इवली इवली डोकी बारीक तंतूंना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. स्नायू आखडतो म्हणून तंतू काही आखूड होत नाहीत. दोन फण्यांचे दात एकमेकांत शिरावेत तसे ते नुसते सरकतात, आणि रेघा जवळ येतात. तू पाण्याचा पाइप खांद्यावर घेतोस, चिमणी पलंगावर उड्या मारते, ते सगळं एवढ्यावर चालतं.

आणि यात माझी झोप उडवणारी एक गोष्ट आहे. पकडलेलं सोडायलाही इंधन लागतं. आम्ही त्याला एटीपी म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडची नवी मुलगी ते द्रावणात घालायला विसरली. धागा ताठ झाला तो झालाच, सैल होईना. प्रयोगशाळेत याला "धागा रुसला" म्हणतात. मेलेलं शरीर लाकडासारखं होतं तेही यामुळेच. "ताई, रुसलाय हो, समजूत काढा," असं म्हणून मुली खिदळत होत्या. मी नवीन बाटली आणायला जिना चढले आणि मला घेरी आली, म्हणून पायरीवर बसले.

बसले नाही रे. पडले. शुद्धीवर आले तेव्हा चार जण वाकून बघत होते.

हृदयाची सोनोग्राफी झाली. भिंत जाड झालीय. मग रक्त तपासायला पाठवलं, त्याचा निकाल आला. त्या जाड तंतूंच्या एका प्रथिनातच जन्मापासून खोट आहे. गरजेपेक्षा जास्त डोकी पकडून बसतात. हृदय आवळतं जोरात, पण सैल व्हायला कां कूं करतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे धागे तपासले आणि माझ्याच छातीतले असे निघाले. तेव्हापासून दिवा मालवला की मी स्वतःचे ठोके ऐकत पडते, आणि दोन ठोक्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला की उठून बसते.

हे एकटीपुरतं असतं तर तुला कळवलंही नसतं. पण बाबांच्या छातीचा फोटो काढला होता ते आठवतं? डॉक्टर म्हणाले, "यांचं हृदय मोठं आहे." आपल्या आईला ती स्तुती वाटली! आल्यागेल्याला सांगायची, "डॉक्टरसुद्धा म्हणाले, यांचं काळीज मोठं." बाबाही लाजून हसायचे. कोणी पुढे काही विचारलंच नाही. आणि एक दिवस जिन्यावरून कपाट वर चढवताना ते मधल्या पायरीवरच कोसळले आणि गेले, आणि आपण सगळे म्हणालो, दगदग झाली.

ही खोट त्यांचीच. माझ्यात आली, तुझ्यात असायची शक्यता अर्धी. परवा सरावात डोळ्यांपुढे काजवे चमकले, असं तूच हसत सांगितलंस. "उपाशी होतो गं." तू हसत होतास आणि मला बाबांची ती पायरी दिसत होती.

वेळेत कळलं तर औषधं आहेत. पण तू म्हणणार, "शनिवार होऊ दे, मग बघू." तुझं ते "मग बघू" मला पाठ आहे.

म्हणून आज सकाळी मी तुझ्या स्टेशनवर जाऊन साहेबांना सगळं सांगून आले.

त्यांनी शनिवारच्या यादीतून तुझं नाव काढलंय. हृदयाची तपासणी होईपर्यंत शिडी बंद, गाडीवरची ड्यूटी बंद. त्या जागेसाठी तू किती वर्षं वाट पाहिलीस ते मला ठाऊक आहे. तुझ्याशी एका शब्दाने बोलले नाही, थेट वर गेले. कदाचित तुझ्यात ही खोट नसेलच, सगळं साफ निघेल, आणि मी उगाच तुझं वाटोळं केलेलं असेल. तसंच व्हावं म्हणून मी देवाच्या विनवण्या करतेय.

तपासणीला चिमणीलाही घेऊन जा.

आता तू संतापशील. मला वाट्टेल ते बोल. दार लावून घे, चिमणीला माझ्याकडे पाठवू नकोस, जन्मभर माझं तोंड बघू नकोस. फक्त तो जन्म लांबलचक असू दे रे.

तुझ्या जिवाला घाबरलेली,
ताई