चार कुलपी नट

मारीझ,

अंगणात गाडी दिसणार नाही, घाबरू नकोस. तुझ्या आईला भेटायला वृद्धाश्रमात गेलोय, जेवायच्या वेळेला परत येतो. वाटाण्याचं सूप शेगडीवर आहे, तेवढं गरम कर.

गाडीची उन्हाळी चाकं काढून बर्फातली मीच चढवली. उन्हाळी चाकांना चोरी होऊ नये म्हणून एकेक कुलपी नट असतो, तो खास चावीनंच निघतो, आणि ती चावी गाडीतून गायब. मग जुना गोटीपाना हातोडीनं नटावर ठोकून बसवला, लांब दांडा लावला आणि जोर दिला. चारही निघाले. हिवाळी लोखंडी चाकांवर ते कुलपी नट नीट बसत नाहीत, म्हणून तिथं साधे लावले. गॅरेजवाला एखादे वेळी विसरेल, मी विसरलो नाही. मला विसर पडतो, गाडी चालवू देऊ नका म्हणणाऱ्या तुझ्या डॉक्टरबाईंनाही हे सांग. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, तेही लक्षात आहे.

चावी तू लपवलीस तिथंच, पिठाच्या डब्यात आहे. मंगळवारी धिरडी करताना हाताला लागली होती. पुसून परत तिथंच ठेवली. चावीनं चाकं काढली असती तर तुला काय कळलं असतं, पोरी?

बाबा