नेटचा कारभार माझ्याकडे

सोमवार, ४ तारीख. सकाळी ८.
आजपासून घरातल्या नेटचा कारभार माझ्याकडे. कुणी दिला नाही, मीच घेतला. शनिवारी अकराला बायकोची ऑनलाइन मुलाखत आहे. नोकरी सुटून आठ महिने झाले, ही हातची जाता कामा नये. तिला म्हटलं, तू निर्धास्त राहा, नेटचं मी बघतो. ती का कोण जाणे, जास्तच काळजीत पडली.

मंगळवार, ५.
फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. आई: मालिका, दुपारी एक तास. बायको: मुलाखतीचा सराव, संध्याकाळी अर्धा तास. मी: उरलेला वेळ. नवा गेम डाउनलोडला लावलाय, ११० जीबी. यात स्वार्थ नाही. लाइनवर ताण देऊन बघायला नको का?

बुधवार, ६. दुपार.
आईची मालिका ऐन निकालाच्या वेळी अडकली. आई म्हणाली, न्यायाधीश वीस मिनिटं तोंड उघडून बसलाय. कंपनीला फोन करून चांगलं खडसावलं. तिकडची बाई म्हणे, साहेब, तुमच्याच घरात काहीतरी मोठं डाउनलोड चालू आहे. चोराच्या उलट्या बोंबा!

शुक्रवार, ८.
७१ टक्के. उद्या गेम बंद ठेवशील ना, असं बायकोने तीनदा विचारलं. तीनदा शब्द दिला. नवऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.

शनिवार, ९. १०.४०.
९६ टक्के. गेम थांबवला. शब्द म्हणजे शब्द.

११.१०.
मुलाखत म्हणजे नुसतं बोलणं. बोलायला असं कितीसं नेट लागतं? चारच टक्के तर राहिलेत.

११.१४.
बायको मुलाखतीतून उठून बाहेर आली. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या गेमच्या मशीनची वायर उपटली, आत गेली, दार लावलं. आठ महिने रोज सकाळी उठून अर्ज पाठवत होती बिचारी. स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवार, १४.
निवड झाली! मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं होतं, मध्येच कुठे गेलात? ती म्हणाली, कामात अडथळा होता, दूर करून आले. तेच त्यांना आवडलं म्हणे. म्हणजे यशात माझाही वाटा आहे. तसं बोलून दाखवलं. आई म्हणाली, गप्प बस.

सोमवार, १८.
तिच्या ऑफिसने घरी वेगळी लाइन जोडून दिली. सुसाट! पासवर्ड तिच्याकडे. आईला न मागता मिळाला. शेजारच्या काकांनाही मिळाला. मी मागितला, तर म्हणाली, रीतसर अर्ज कर, मुलाखत होईल.

संध्याकाळी ७.
अर्ज दिला. मुलाखत उद्या सकाळी. घेणार आई.